पाहुणा कलाकार

(गुन्ह्यांचा तपास दाखवणाऱ्या मालिका आपण आवडीने पाहतो. त्यांतील पोलीस अधिकारी आपल्या चांगल्या ओळखीचे होतात. पण दर वेळी नवा संशयित, नवा साक्षीदार किंवा नवा गुन्हेगार होऊन येणारा कलाकार आपण लवकर विसरतो. अशा कलाकाराचे काम कसे असते आणि त्यातून आपण काय शिकावे, हे या पाठात सांगितले आहे. पाठ वाचताना मराठीत रुळलेल्या अरबी-फारसी शब्दांकडेही लक्ष द्या.)

आपल्या घरी पाहुणे येतात. एक-दोन दिवस राहतात आणि निघून जातात. पण एखादा पाहुणा असा असतो, की तो गेल्यावरही कितीतरी दिवस घरात त्याच्याच गोष्टी निघतात. टीव्हीवरील मालिकांतही असे पाहुणे असतात. ते एखाद्या कथेपुरते येतात, आपले काम करतात आणि जातात. त्यांना 'पाहुणा कलाकार' म्हणतात.

गुन्ह्यांच्या मालिकेत या पाहुण्याला फार महत्त्व असते. तपास करणारे अधिकारी दर आठवड्याला तेच असतात. त्यांची बोलण्याची लकब, त्यांचे कपडे, त्यांचे रागावणे आपल्याला पाठ झालेले असते. बदलतो तो फक्त गुन्हा, आणि गुन्ह्याबरोबर बदलतात त्याच्याशी संबंध असलेली माणसे. कधी बंगल्याचा रखवालदार, कधी दुकानाचा मालक, कधी कर्जात बुडालेला भाऊ, तर कधी सगळे पाहूनही गप्प बसलेली शेजारीण. ही माणसे खरी वाटली, तर कथा खरी वाटते. ती खोटी वाटली, तर अधिकाऱ्यांनी कितीही धावपळ केली तरी कथा रंगत नाही.

अशा भूमिका करणाऱ्या नटाला चरित्र अभिनेता म्हणतात. तो चित्रपटाचा नायक नसतो. त्याच्या नावाच्या मोठ्या पाट्या लागत नाहीत. रस्त्यात भेटला तर लोक म्हणतात, "यांना कुठेतरी पाहिले आहे!" पण नाव आठवत नाही. चेहरा आठवतो आणि नाव विसरते, हे अशा नटाच्या नशिबीच असते.

आता आपल्या महाराष्ट्रातील काही खरी उदाहरणे पाहू.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे या केंद्रावरून 'एक शून्य शून्य' नावाची मराठी मालिका दाखवण्यात आली. पोलिसांना बोलावण्यासाठी १०० हा क्रमांक फिरवत असत. त्यावरून मालिकेला हे नाव मिळाले होते. (आज आपल्याकडे मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.) या मालिकेचे दिग्दर्शक होते बी. पी. सिंग. मालिकेतील पोलीस निरीक्षकाची भूमिका शिवाजी साटम यांनी केली होती.

शिवाजी साटम यांचा जन्म १९५० सालचा. ते सेंट्रल बँक ऑफ इंडियामध्ये रोखपाल होते. दिवसभर नोटा मोजायच्या, हिशेब जुळवायचा आणि संध्याकाळी नाटकाची तालीम करायची, असा त्यांचा क्रम होता. बँकांच्या नाट्यस्पर्धेतील त्यांचे काम पाहून अभिनेते बाळ धुरी यांनी त्यांना 'संगीत वरद' या नाटकात संधी दिली. तेथून त्यांची वाट सुरू झाली.

२१ जानेवारी १९९८ रोजी बी. पी. सिंग यांची 'सी.आय.डी.' ही हिंदी मालिका सुरू झाली. तिच्यात साटम एसीपी प्रद्युम्न झाले. ही मालिका मुंबईत तयार होत असे. ऑक्टोबर २०१८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ ती चालली. तिचे १५४७ भाग झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. वीस वर्षांत किती गुन्हे झाले असतील आणि किती पाहुणे कलाकार येऊन गेले असतील, याचा तुम्हीच विचार करा.

त्यांपैकी एका पाहुण्याची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांचे नाव आदित्य श्रीवास्तव. ते मूळचे अलाहाबादचे, म्हणजे आजच्या प्रयागराजचे. दिल्लीच्या रंगभूमीवर काम करून ते मुंबईला आले. १९९८ साली 'सी.आय.डी.'च्या एका कथेत ते पाहुणे कलाकार म्हणून आले. भूमिका होती गुन्हेगाराची. कथा संपली, गुन्हेगार पकडला गेला, पाहुणा निघून गेला.

पण पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, ते पुन्हा त्याच मालिकेत दिसले. या वेळी ते गुन्हेगार नव्हते. वरिष्ठ निरीक्षक अभिजीत म्हणून ते एसीपी प्रद्युम्न यांच्या पथकात आले आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच पथकात राहिले. आता प्रेक्षकांना अभिजीतशिवाय ती मालिका आठवतच नाही.

मुलांनो, येथे थोडे थांबा. काल ज्याच्या हातांत बेड्या पडल्या, तोच आज दुसऱ्याच्या हातांत बेड्या घालतो. डोळे तेच, नाक तेच, आवाजही तोच. तरीही १९९८ मध्ये तो आपल्याला गुन्हेगार वाटला आणि १९९९ मध्ये प्रामाणिक अधिकारी. एवढेच नाही, तर १९९८ मध्येच आलेल्या 'सत्या' या चित्रपटात याच श्रीवास्तवांनी खांडिलकर नावाच्या पोलीस निरीक्षकाची भूमिका केली होती. म्हणजे एकाच वर्षी एकच चेहरा मोठ्या पडद्यावर पोलीस होता आणि छोट्या पडद्यावर गुन्हेगार!

शिवाजी साटम यांचेही तसेच. १९९९ मध्ये टीव्हीवर ते गुन्हेगारांना धाक दाखवणारे एसीपी होते. त्याच वर्षीच्या 'वास्तव' या चित्रपटात मात्र ते वाईट मार्गाला लागलेल्या मुलाचे असहाय वडील झाले. टीव्हीवर ज्या डोळ्यांना गुन्हेगार घाबरत होते, त्याच डोळ्यांत चित्रपटात मुलाच्या काळजीने पाणी येत होते.

हे काही फक्त मुंबईत घडते असे नाही. आपल्या विदर्भात चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या भागांत झाडीपट्टीची रंगभूमी आहे. सुगी आटोपली, की गावोगावी नाटके होतात. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. वडसा हे गाव या नाटक मंडळ्यांचे माहेरघर मानले जाते. या रंगभूमीवरील कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री देऊन भारत सरकारने त्यांचा गौरव केला. अशा मंडळीत आज जो दुष्ट सावकार होतो, तोच उद्याच्या नाटकात कनवाळू आजोबा होतो. रात्री ज्याला पाहून बायाबापड्यांनी बोटे मोडली, तोच सकाळी गावाच्या टपरीवर चहा पीत बसलेला दिसतो. गावकरी त्याच्याशी हसून बोलतात. नटाचा चेहरा आणि नटाचे मन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना ठाऊक असते.

पाहुण्या कलाकाराचे काम वाटते तितके सोपे नसते. पहिली अडचण म्हणजे त्याला वेळ फार थोडा मिळतो. नेहमीच्या कलाकारांना आपली माणसे रंगवायला शेकडो भाग मिळतात. पाहुण्याला मिळतात चार-पाच प्रसंग. तेवढ्यात तो माणूस कोण, कुठला, श्रीमंत की गरीब, भित्रा की धीट, हे सर्व प्रेक्षकांना कळले पाहिजे. म्हणून तो लहान लहान गोष्टींचा आधार घेतो. रखवालदार झाला तर किल्ल्यांचा जुडगा कसा धरायचा, शिंपी झाला तर बोलता बोलता कापड कसे चाचपायचे, याचा तो विचार करतो.

दुसरी अडचण चित्रीकरणाची. आपण पाहतो त्या क्रमाने प्रसंगांचे चित्रीकरण होत नाही. एका ठिकाणचे सर्व प्रसंग एकदम उरकून घेतात. त्यामुळे कथेच्या शेवटी येणारी गुन्ह्याची कबुली सकाळी द्यावी लागते आणि कथेच्या सुरुवातीचा, "साहेब, मला काहीच ठाऊक नाही," हा प्रसंग दुपारी करावा लागतो. सकाळचे रडणे पुसून दुपारी निरागस दिसायचे! कोणत्या प्रसंगात आपल्या पात्राला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, याचा हिशेब नटाला मनात ठेवावा लागतो.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. गुन्हेगाराची भूमिका करणाऱ्याला एकाच वेळी लपवायचेही असते आणि दाखवायचेही असते. त्याने सुरुवातीलाच दुष्टपणा दाखवला, तर रहस्य फुटते. त्याने काहीच दाखवले नाही, तर शेवट खोटा वाटतो. मग तो एखादी बारीकशी खूण ठेवून जातो. प्रश्न ऐकल्यावर क्षणभर उशिरा दिलेले उत्तर, चहाचा कप खाली ठेवताना झालेला आवाज, मेलेल्या माणसाविषयी बोलताना तोंडातून गेलेला एखादा शब्द. पहिल्या वेळी आपल्याला ते कळत नाही. शेवट समजल्यावर मात्र आपण म्हणतो, "अरे, हे तर आपण पाहिले होते!"

या कामाची कसोटी पाहणारा एक प्रसंग आपल्या लोणावळ्यात घडला. 'सी.आय.डी.'चा एक खास भाग ७ नोव्हेंबर २००४ रोजी दाखवण्यात आला. तो १११ मिनिटांचा होता आणि त्यात एकदाही कॅमेरा बंद केलेला नव्हता. कॅमेरा एकदा सुरू झाला तो शेवटीच थांबला. याची नोंद गिनीज बुकात झाली. नेहमीच्या चित्रीकरणात संवाद चुकला, तर तो प्रसंग पुन्हा करता येतो. येथे ती सोय नव्हती. शंभराव्या मिनिटाला कोणी अडखळला असता, तर आधीच्या शंभर मिनिटांची सर्वांची मेहनत वाया गेली असती. अशा वेळी भूमिका मोठी की लहान, याला अर्थ राहत नाही. एकच वाक्य असलेल्या माणसावरही तितकीच जबाबदारी असते.

अशा मालिका पाहण्याचा उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांना आणखी एक फायदा होतो. पोलिसांच्या आणि न्यायालयाच्या मराठीत आपल्या घरचे शब्द भेटतात. फिर्याद, गुन्हा, जामीन, वकील, फरार, जप्त, हवालदार, फौजदार हे शब्द तुम्हांला कोणी शिकवावे लागत नाहीत. पण थोडे सावध राहा. काही शब्दांनी मराठीत येताना आपला अर्थ बदलला आहे. 'इस्म' म्हणजे नाव. मराठीत मात्र 'इसम' म्हणजे माणूस. म्हणून 'एक अनोळखी इसम आला होता' असे वाक्य बातमीत वाचायला मिळते. 'जवाब' म्हणजे उत्तर, पण पोलीस ठाण्यात साक्षीदाराचा 'जबाब' नोंदवतात, तेव्हा त्याचा अर्थ त्याने सांगितलेली हकीकत असा होतो. उर्दूत 'खून' म्हणजे रक्तही असते, मराठीत 'खून' म्हणजे हत्याच. आणि 'खून' व 'खूण' यांत गोंधळ करू नका. 'खूण' म्हणजे निशाणी. "दारावर खूण होती" असे सांगायचे असेल आणि तुम्ही 'ण'चा 'न' केला, तर ऐकणारा घाबरून जाईल!

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आमच्या लहानपणी नागपूरला आमच्या घरी या मालिका सर्व जण एकत्र बसून पाहत असू. गुन्हेगार कोण, हे आधी ओळखण्याची चढाओढ लागे. अम्मी म्हणायची, "जो सर्वांत जास्त रडतो तोच." चाचांचे उत्तर मात्र ठरलेले असे. पडद्यावर घरगडी दिसला, की ते लगेच म्हणत, "हाच!" घरगडी नसला, तर नवा भाडेकरू. तोही नसला, तर ज्याच्या गालावर व्रण आहे तो. दादीजान हसून म्हणायच्या, "अरे, त्याने काय केले ते तर बघ. तू नुसते तोंड बघून फाशी देतोस!"

चाचांसारखे कितीतरी लोक असतात. मालिका लिहिणाऱ्यांना हे चांगले माहीत असते. म्हणून ते मुद्दाम आपला संशय गरीब, परक्या किंवा अबोल माणसाकडे वळवतात. येथे चांगल्या पाहुण्या कलाकाराचा खरा कस लागतो. तो त्या निरपराध माणसाची भीती अशी दाखवतो, की आपल्याला ती अपराधाची खूण वाटते. शेवटी खरा गुन्हेगार दुसराच निघतो. तो गरीब माणूस आपली पिशवी उचलून निघून जातो. कोणी त्याची माफी मागत नाही. त्या क्षणी त्या नटाने नुसती मान वळवून पाहिले, तरी प्रेक्षकाला आपल्या संशयाची लाज वाटते.

असा प्रसंग पडद्याबाहेरही घडतो. काही वर्षांपूर्वी मी सातवीचा वर्गशिक्षक असताना सेवाग्रामच्या सहलीसाठी पैसे जमा करणे चालू होते. एके दिवशी ६४० रुपयांचे पाकीट सापडेना. वर्गात एक मुलगा नुकताच दुसऱ्या गावाहून आला होता. तो फारसा बोलत नसे. त्याचा सदरा जुना होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. कोणीतरी त्याला विचारले, तेव्हा तो गोंधळला, अडखळला. झाले! मुलांची खात्री पटली. "सर, त्याचे दप्तर तपासा," असा गलका झाला.

तेवढ्यात वर्गाची मॉनिटर उभी राहिली. ती म्हणाली, "पैसे घेताना त्याला कोणी पाहिले का?" कोणीच बोलेना. ती पुढे म्हणाली, "मग त्याचेच दप्तर का? तपासायचे तर सर्वांचे तपासा. आधी माझे तपासा."

कोणाचेही दप्तर तपासावे लागले नाही. पैसे जमा करणारा मुलगा आधीच्या तासाला भूगोलाचा नकाशा ठेवायला गेला होता. पाकीट त्या नकाशाच्या गुंडाळीत सरकले होते. ते सापडल्यावर वर्ग गप्प झाला. त्या नव्या मुलाने मधल्या सुट्टीत डबा उघडला. पण त्याच्याने खाववेना. तेव्हा मॉनिटर आणि तो पैसे जमा करणारा मुलगा, दोघेही आपापले डबे घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसले. दुसऱ्या आठवड्यात तो मुलगा सहलीला आला.

निरपराध माणूसही घाबरतो, अडखळतो, त्याला घाम फुटतो. म्हणून भीती हा पुरावा नव्हे. जुना सदरा, वेगळी बोली, वेगळा पोशाख, अनोळखी मोहल्ला किंवा गालावरचा व्रण, यांपैकी काहीही पुरावा नव्हे. आपला कायदाही हेच सांगतो. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपीला गुन्हेगार म्हणता येत नाही.

मालिकेत आणि प्रत्यक्षात आणखी एक फरक आहे. मालिकेच्या शेवटी अधिकारी आवाज चढवतो, कधी चापटही मारतो आणि गुन्हेगार सर्व काही कबूल करतो. प्रत्यक्षात पोलिसांना आरोपीवर हात उचलण्याचा अधिकार नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुलीही न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये तसे सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम २३ मध्येही हीच तरतूद आहे. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता विचार होऊ शकतो. असे का केले असेल? कारण माराच्या भीतीने माणूस न केलेला गुन्हाही कबूल करतो, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होते. म्हणून पोलिसांना बोटांचे ठसे, साक्षीदार, कागदपत्रे, वैद्यकीय अहवाल असा भक्कम पुरावा गोळा करावा लागतो.

विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळी अशी मालिका पाहाल, तेव्हा दोन गोष्टी करा. पहिली म्हणजे शेवटी भराभर सरकणाऱ्या नावांत त्या पाहुण्या कलाकाराचे नाव शोधा. चार प्रसंगांसाठी त्याने केलेल्या मेहनतीची तेवढी तरी पावती त्याला मिळू द्या. दुसरी म्हणजे "हाच तो!" असे म्हणण्यापूर्वी स्वतःला विचारा, "मी पुरावा पाहिला, की नुसता चेहरा पाहिला?" हा प्रश्न वर्गात, खेळाच्या मैदानावर आणि बाजारातही विचारण्याची सवय लावून घ्या. तुमच्या अशा एका प्रश्नाने एखाद्या निरपराध माणसाची अब्रू वाचेल.

शब्दार्थ

लकब – बोलण्या-वागण्याची खास पद्धत
रखवालदार – पहारेकरी
रोखपाल – बँकेत पैशांची देवघेव करणारा कर्मचारी
असहाय – ज्याला कोणाचा आधार नाही असा
सुगी – पीक कापणीचा हंगाम
कनवाळू – दयाळू
निरागस – ज्याच्या मनात कपट नाही असा
गलका – गोंगाट
व्रण – जखमेची राहिलेली खूण
तरतूद – कायद्यात केलेली व्यवस्था
भक्कम – मजबूत

वाक्प्रचार

बोटे मोडणे – राग किंवा तिरस्कार व्यक्त करणे
कस लागणे – परीक्षा होणे
वाया जाणे – फुकट जाणे
खात्री पटणे – पूर्ण विश्वास वाटणे
घाम फुटणे – खूप घाबरणे
पावती मिळणे – केलेल्या कामाची दखल घेतली जाणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाहुणा कलाकार कोणाला म्हणतात?
(आ) 'एक शून्य शून्य' या मालिकेला हे नाव का मिळाले?
(इ) शिवाजी साटम अभिनयाबरोबर कोणती नोकरी करत होते?
(ई) झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचे माहेरघर कोणते?
(उ) सहलीच्या पैशांचे पाकीट कोठे सापडले?

प्र. २. प्रत्येकी तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आदित्य श्रीवास्तव यांच्या १९९८ आणि १९९९ मधील भूमिकांतून लेखकाला काय सांगायचे आहे?
(आ) पाहुण्या कलाकाराला कोणत्या तीन अडचणी येतात?
(इ) लोणावळ्याच्या भागात लहान भूमिकेवरही मोठी जबाबदारी का होती?
(ई) पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात का चालत नाही?

प्र. ३. कोण, कोणाला म्हणाले?
(अ) "तू नुसते तोंड बघून फाशी देतोस!"
(आ) "सर, त्याचे दप्तर तपासा."
(इ) "आधी माझे तपासा."

प्र. ४. पुढील शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ लिहा आणि मराठी अर्थाने वाक्यात उपयोग करा.
इसम, जबाब, खून

प्र. ५. उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. पुढील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा.
चेहरा, भूमिका, नाटक, पाकीट, गुन्हा, फिर्याद, पुरावा, दप्तर, खूण

प्र. ६. 'न' आणि 'ण' यांतील फरक लक्षात ठेवून पुढील शब्द मोठ्याने वाचा व लिहा.
खून – खूण, मन – मण, पान – पाणी, वन – वण

उपक्रम : वर्गाचे दोन गट करा. एका गटाने एखादी वस्तू हरवल्याचा छोटा प्रसंग करून दाखवावा. दुसऱ्या गटाने फक्त पुराव्यावरून उत्तर शोधावे. कोणाच्या चेहऱ्यावरून संशय घेतला गेला, तर तेथे थांबून त्यावर चर्चा करावी.